सेतू आणि बालरक्षक : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील नियमशास्त्राची कल्पना

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाविषयीच्या विवेचनात एक विधान ठरल्यासारखे आढळते. यहुदी लोकांना ख्रिस्ताकडे नेण्याचे जे कार्य मोशेच्या नियमशास्त्राने केले, तेच महाराष्ट्रात संतवाणीने केले, असे ते विधान होय. याचा उगम रे. नारायण वामन टिळक यांच्या उद्गारांत आहे. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे ते सांगत. हिंदु संतांची वाणी हाच आपला पहिला जुना करार, असेही त्यांचे म्हणणे होते. टिळक कवी होते आणि हे उद्गार कवीच्या आत्मप्रत्ययाचे आहेत. त्यांना तर्काच्या ताजव्यात घालण्याचे कारण नाही. परंतु पुढील अभ्यासकांनी या उद्गारांचा सिद्धांत केला आणि सिद्धांत करताना एक महत्त्वाचा भेद पुसून टाकला. 'जुना करार' या नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी नांदतात. एक वचन, दुसरे नियम. तुकाराम या दोहोंपैकी कशाच्या जागी उभा आहे, हा प्रश्न विचारल्यावाचून त्याला मराठी माणसाचा जुना करार म्हणणे म्हणजे रूपकावर रूपक रचणे होय. प्रश्न केवळ काटेकोरपणाचा नाही. सेतूचे रूपक सरसकट लावल्याने मराठी समाजातील जे खरे नियमशास्त्र, म्हणजे वर्ण, जाती, सोवळे-ओवळे आणि स्त्रीधर्म यांचे शास्त्र, ते विवेचनाबाहेरच राहते. आणि त्याच्याखाली जे सर्वाधिक भरडले गेले त्यांचा अनुभवही त्याबरोबर बाहेर राहतो.

प्रथम मूळ युक्तिवाद पाहू. नियमशास्त्राच्या प्रयोजनाचा सर्वांत नेटका विचार पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तेथे पौल काळाचा एक क्रम लावतो. अब्राहामाला देवाने वचन दिले ते आधी. नियमशास्त्र त्यानंतर ४३० वर्षांनी आले. नंतर आलेल्या गोष्टीने आधीचे वचन रद्द होत नाही. मग नियमशास्त्र हवे कशाला? पौलाचे उत्तर असे की, ते अपराधांमुळे मागाहून जोडले गेले, आणि तेही मुदतीपुरते. ही मुदत स्पष्ट करण्यासाठी त्याने दोन चित्रे शेजारी ठेवली आहेत. पहिले पहाऱ्यात ठेवलेल्या कैद्याचे आणि दुसरे 'पायदागोगोस' या ग्रीक शब्दाने सूचित होणारे. आज प्रचारात असलेल्या मराठी बायबलात या शब्दासाठी 'बालरक्षक' असा शब्द योजिला आहे, आणि तो चांगला आहे. 'पायदागोगोस' हा गुरू नव्हे. ग्रीक व रोमन घरांतील हा एक गुलाम. मालकाच्या मुलाला शाळेत नेणे, आणणे, वाटेत त्याच्यावर नजर ठेवणे, चालीरीती लावणे आणि चुकल्यास छडी मारणे एवढे त्याचे काम. शिकविणारा वेगळा. मूल वयात आले की याचा अधिकार संपतो, आणि कालपर्यंत ज्याची छडी खाल्ली त्याचा तो मुलगाच धनी होतो.

वऱ्हाडात हिवरखेडसारख्या गावी ज्याचे बालपण गेले आहे त्याला येथे सालदार आठवल्यावाचून राहणार नाही. सालदार हा गुलाम नव्हे, बोलीने ठेवलेला गडी. तेव्हा उपमा पुरती जुळत नाही. पण मुदतीचा अर्थ त्या एका शब्दाने जितका चटकन कळतो तितका टीकाग्रंथांनी कळत नाही. सालदाराचे साल पाडव्याला भरते. भरले म्हणजे त्याने काम वाईट केले असे कोणी म्हणत नाही. आणि साल भरल्यावरही तो मालकाच्या मुलावर डोळे वटारू लागला तर ते कोणी चालू देत नाही. पौलाचे म्हणणे याहून फार वेगळे नाही. चौथ्या अध्यायाच्या आरंभी त्याने वारसाचे जे उदाहरण घेतले आहे, त्यात बापाने ठरविलेल्या मुदतीपर्यंत वारस पालक आणि कारभारी यांच्या ताब्यात असतो, असेच सांगितले आहे. 'करार' हा अरबीतून आलेला शब्द बायबलाच्या दोन खंडांना मराठीत लावला गेला, त्याला काही पंडित नाके मुरडतात. परंतु मुदत, अटी आणि दोन पक्ष ही सर्व सूचना त्या शब्दात आहे, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

आता एका अव्ययाकडे वळू, कारण सगळा वाद त्यात आहे. बालरक्षक 'एइस ख्रिस्तोन' होता, असे ग्रीक वाक्य आहे. 'एइस' या अव्ययाचा अर्थ 'कडे' असा होतो आणि संदर्भाने 'पर्यंत' असाही होतो. 'कडे' घेतले तर नियमशास्त्र हे ख्रिस्ताकडे चालत नेणारे ठरते. त्याला दिशा आहे, त्याची प्रत्येक आज्ञा म्हणजे त्या वाटेवरचे पाऊल आहे. 'पर्यंत' घेतले तर नियमशास्त्र म्हणजे केवळ राखण; ते कोठे नेत नाही, मूल कोठे भरकटू नये एवढेच पाहते. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनी 'आणण्यासाठी' अशा अर्थाचे शब्द पदरचे घातले, आणि पुढच्या छापील प्रतींत ते पदरचे असल्याची खूण म्हणून तिरप्या टाइपात येतात. मराठी भाषांतरानेही 'पोहोचविणे' हीच क्रिया पत्करली. खूण मात्र ठेवली नाही. मागच्या-पुढच्या वाक्यांतील कैद, पहारा आणि मुदत हे शब्द पाहता 'पर्यंत' हाच अर्थ मुळाला अधिक धरून आहे, असे आमचे मत आहे. सेतूचे रूपक मराठीत इतके सहज रुजले त्याला 'पोहोचविणे' या क्रियेचे साह्य झाले असावे. जो पोहोचवितो तो सेतू होऊ शकतो; जो राखतो तो होऊ शकत नाही.

भाषांतराने आणखी एक गोष्ट केली. हिब्रूतील 'तोरा' या शब्दाच्या धातूत दाखविणे, शिकविणे हा अर्थ आहे. त्याचे ग्रीकमध्ये 'नोमोस' झाले, लॅटिनमध्ये 'लेक्स' झाले. शिकवणीचा कायदा झाला. मराठीला येथे एक अनपेक्षित सोय होती. 'शास्त्र' हा शब्द 'शास्' या धातूपासून आला आहे, आणि त्या धातूत शिकविणे, आज्ञा करणे आणि दंड करणे हे तीनही अर्थ एकत्र आहेत. शिष्य, शासन आणि शास्त्र ही एकाच धातूची लेकरे. म्हणजे बालरक्षकाची छडी आणि तोरेची शिकवण दोन्ही ज्यात सामावतील असा शब्द आपल्यापाशी होता, आणि 'धर्मशास्त्र' हा समास तर मनु-याज्ञवल्क्यांच्या काळापासून तयार होता. भाषांतरकारांनी तो न घेता 'नियमशास्त्र' असा समास रूढ केला. त्यांचा हेतू उघड आहे: मोशेचे आणि मनूचे एक मानले जाऊ नये. हेतू सफल झाला, आणि तेच दुर्दैव. 'नियमशास्त्र' हा शब्द मराठी ख्रिस्ती मंडळीबाहेर जवळजवळ वापरात नाही. तो वाचताना मराठी वाचकाला आपल्या घरातले काही आठवत नाही. पौलाचा सगळा युक्तिवाद परक्या राष्ट्राच्या जुन्या भांडणासारखा वाटू लागतो. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखियातील एक प्रसंग आहे. पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीस जेवत असे. याकोबाकडून काही माणसे आली तेव्हा तो त्यांच्या भयाने पंक्तीतून उठला, आणि पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. पंक्तिभेद म्हणजे काय हे ज्या भाषेत समजावून सांगावे लागत नाही, त्या भाषेतील वाचकाने या प्रसंगावर थबकून जावयास हवे होते. 'नियमशास्त्र' या शब्दाने त्याला थबकू दिले नाही.

नियमशास्त्राचे हे कार्य यहुद्यांपुरते न ठेवता इतरांच्या परंपरेलाही लावण्याची कल्पना टिळकांची नव्हे. ती फार जुनी आहे. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट याने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस असे प्रतिपादिले की, हिब्रू लोकांना नियमशास्त्र जसे, तसे ग्रीकांना तत्त्वज्ञान ख्रिस्ताकडे नेणारे बालरक्षक झाले. तेथपासून ही परंपरा चालत आली. नीलकंठ (नेहेम्या) गोरे यांच्यासारख्या काशीतील मराठी शास्त्र्याने, हिंदु विचाराची एवढी कठोर चिकित्सा करूनही, यहुद्यांखेरीज दुसरे कोणतेही राष्ट्र ख्रिस्ती धर्मासाठी आपल्याइतके सिद्ध केले गेले नाही, असे म्हटले. फर्कुहार यांच्या १९१३ मधील ग्रंथाने याच विचाराला पूर्ततेच्या सिद्धांताचे रूप दिले. या सर्वांत एक लक्षणीय गोष्ट अशी की, क्लेमेंटने नियमाच्या जागी तत्त्वज्ञान घातले, कोठल्याही ग्रीक नगराचे कायदे घातले नाहीत. भेद पुसण्याची सुरुवात तेथेच झाली.

मराठीत या विषयाचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण. त्याची पहिली छपाई १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत झाली. ग्रंथाचे पोर्तुगीज नाव तारक येशू ख्रिस्ताच्या जगात येण्याविषयीचे आख्यान अशा अर्थाचे आहे, आणि तरीही सुमारे अकरा हजार ओव्यांपैकी पहिले पुराण सबंध जुन्या करारावर खर्ची पडले आहे. आगमनाची कथा सांगावयाची तर वाट पाहण्याची कथा आधी सांगितली पाहिजे, ही त्यातील दृष्टी. काव्य म्हणून ग्रंथाची थोरवी वादातीत आहे. पण आपल्या प्रश्नापुरते पाहता ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग अधिक बोलका आहे. एक ब्राह्मण उठून विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केली, मग त्यांच्या ठिकाणी आम्हांला वाचावयास दुसरे काय देता? साष्टी प्रांतातील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून चालू होते. त्या पार्श्वभूमीवर हा प्रश्न साधा नाही. स्टीफन्स यांनी उत्तर दिले ते असे की, त्या माणसाच्या स्वतःच्या भूतकाळाच्या जागी दुसऱ्या एका राष्ट्राचा भूतकाळ बसविला, आणि तो बसविताना ओवी, वैकुंठ, पुराण हे सारे शब्दभांडार त्याच्याच घरातले वापरले. भाषेत सेतू आहे, आशयात नाही. श्रोत्यांनी आजवर कोणत्या नियमाखाली आयुष्य काढले याची चौकशी त्या रचनेत फारशी नाही. ज्यांची देवळे राजाज्ञेने गेली त्यांना नवीन धर्म हाच प्रथम कायद्याच्या रूपाने भेटला, ही वस्तुस्थिती तर ग्रंथात येणे शक्यच नव्हते.

एकोणिसाव्या शतकात येताच चित्र बदलते. आता लेखक स्वतःच त्या वाटेने गेलेले आहेत.

टिळकांच्या हाती नवा करार आला तो नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत, एका युरोपीय सहप्रवाशाकडून. त्यांना पकडले ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने. हा तपशील चरित्रकार सांगतात आणि पुढे जातात. आमच्या मते येथे थांबावयास हवे. डोंगरावरील प्रवचनातला येशू नियमशास्त्र रद्द करण्यास नव्हे, तर पूर्ण करण्यास आलो, असे म्हणतो. ज्याचा ख्रिस्ती धर्मात प्रवेश मत्तयाच्या पाचव्या अध्यायातून झाला, त्याला आपला पूर्वीचा वारसा पूर्ण होताना दिसणे स्वाभाविक होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतल्यानंतरची टिळकांची कविता पाहावी. अभंगाचा छंद, चरणांची भाषा, गुरु-माउलीचे संबोधन, हे सारे त्यांनी जसेच्या तसे नेले. मग त्यांच्या तुकारामाचे स्थान कोणते? तुकाराम नियम सांगणारा नव्हे. कर्मठांच्या नियमाशी त्याचे भांडण आहे, आणि त्या भांडणापायी त्याला वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या अशी परंपरेची समजूत आहे. तो विश्वासाचा, कृपेचा, नामाचा कवी. पौलाच्या मांडणीत अशा माणसाची जागा मोशेपाशी नाही. ती अब्राहामापाशी आहे. टिळकांचा सेतू हा वचनाचा सेतू आहे, नियमाचा नव्हे. एवढे मान्य केले की त्यांचा उद्गार खरा ठरतो, आणि त्यावर उभारलेला सिद्धांत मात्र ढासळतो.

फरक एवढाच की येथे क्रम उलटा आहे. पौलाच्या इतिहासात वचन आधी आणि नियम मागाहून. महाराष्ट्रात स्मृती आधी आणि संतवाणी मागाहून. पौलाचा युक्तिवाद जसाच्या तसा उचलता येत नाही याचे हे एक कारण, आणि त्याचा विचार तुलना करणाऱ्यांनी केला पाहिजे.

मोशेची बाजू पाहावयाची तर पंडिता रमाबाईंकडे गेले पाहिजे. १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली. छोटेसेच पुस्तक, पण नियमाच्या अनुभवाचे एवढे स्वच्छ विश्लेषण दुसरीकडे आढळणे कठीण. कलकत्त्यास असताना पडद्यातील स्त्रियांना शास्त्राप्रमाणे स्त्रियांची कर्तव्ये सांगावी अशी त्यांना विनंती झाली, आणि त्या निमित्ताने त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचले. ग्रंथाग्रंथांत परस्परविरोध पुष्कळ; परंतु स्त्रिया, मग त्या उच्च जातीच्या असोत की नीच, वाईट आहेत आणि पुरुषांप्रमाणे त्यांना मोक्ष नाही, तसेच शूद्रांनाही नाही, याविषयी सर्वांचे एकमत आहे, असे त्यांना आढळले. ही साक्ष देणारी बाई शास्त्र न वाचता बोलणारी नव्हती. अनंतशास्त्री डोंगरे यांची ती कन्या, भागवत मुखोद्गत असलेली. त्यांनी वापरलेला शब्द 'धर्मशास्त्र' हाच. म्हणजे भाषांतरकारांनी जी भिंत घातली होती ती रमाबाईंनी आपल्या अनुभवात पाडली: पौलाचे नियमशास्त्र आणि आपले धर्मशास्त्र ही एकाच प्रकारची सत्ता आहे, हे त्यांनी ओळखले. कॅल्व्हिनच्या परंपरेत नियमाचे तीन उपयोग सांगतात: दुर्जनांना आवर, पाप दाखविणारा आरसा आणि विश्वासणाऱ्यांना मार्गदर्शन. रमाबाईंच्या बाबतीत आरसा उलटा झाला. त्यात त्यांना आपले पाप दिसले नाही; आरशाचेच व्यंग दिसले.

पण साक्ष येथे संपत नाही, आणि तिचा जो भाग सहसा उल्लेखिला जात नाही तो याहून मोलाचा आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही त्या लिहितात की, त्या वेळी आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो त्यांना सापडला असे त्या सांगतात ते सुमारे आठ वर्षांनी. मधली वर्षे त्या मंडळीचे विधी, मते, परस्परविरोधी पंथ यांत चाचपडत होत्या. म्हणजे त्यांच्या वृत्तांतात बालरक्षक दोन आहेत. पहिला मनूचा, दुसरा मंडळीचा. दुसऱ्यालाही त्यांनी पहिल्याच्याच मापाने मोजले. पौलाने गलतीकरांना नेमके याच गोष्टीबद्दल धारेवर धरले होते, की विश्वासाने आरंभ करून तुम्ही पुन्हा नियमाकडे का वळता. रमाबाईंनी कोणत्याही टीकाग्रंथाच्या आधाराशिवाय हे पत्र आपल्या आयुष्यात वाचले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पुढे संस्कृतप्रचुर शब्दांनी बायबलाच्या अर्थात हिंदु दर्शनांच्या छटा मिसळतात, या जाणिवेने त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात संपूर्ण बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर केले. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले. शब्द बदलला की शास्त्राची सत्ता बदलते ही त्यांची श्रद्धा त्यामागे आहे. भाषांतर म्हणून ते वाचनीय झाले नाही, रूढही झाले नाही. पण त्यामागची भाषिक जाणीव आपल्या विभागांतील अभ्यासक्रमांत आली पाहिजे.

तिसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे, आणि आमच्या दृष्टीने तेच सर्वांत श्रेष्ठ. स्मृतिचित्रे (१९३४ ते १९३६) हा ग्रंथ धर्मचिंतनाचा मानला जात नाही, हे बरेच झाले. त्यात नियमाची चर्चा नाही, नियम आहे. ग्रंथाच्या आरंभीच वडिलांचे सोवळे भेटते. १८५७ च्या धामधुमीत आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या आपत्तीनंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा जो ध्यास घेतला, तो बाजारातून आलेला जिन्नस न् जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत गेला. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात. वाचकही हसतो, आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते की हे सोवळे म्हणजे भय आहे. बाहेरचे जग घरात शिरू नये म्हणून उभा केलेला पहारा आहे. पौलाच्या 'पहाऱ्यात ठेवलेला' या शब्दाचे मराठीतील भाष्य पाहिजे असेल तर ते येथे आहे, आणि त्यासाठी लेखिकेने पौलाचे नावही घेतलेले नाही.

पुढे नवरा ख्रिस्ती झाला. ताटातूट, आजार, माहेरच्यांचे आक्रोश. आणि मग पुन्हा एकत्र राहणे. परंतु राहणे एकत्र, चूल आणि पाणी वेगळे. ज्या घरात येशूची प्रार्थना होते त्याच घरात सोवळ्याचा स्वयंपाक चालू आहे. टिळकांनी आग्रह धरला नाही, हे त्यांच्या मोठेपणाचे. लक्ष्मीबाईंचा नियम युक्तिवादाने पडत नाही. टिळकांसारखा वक्ता घरात असून त्याच्या वक्तृत्वाने तो पडला नाही. तो आतून झिजतो. घरी येणारी माणसे, त्यांची दुखणी, मुलांचे खाणेपिणे, यांत एकेक नियम गळतो. आणि मग त्यांच्याच मनात विचार येतो की जाती देवाने केल्या की माणसांनी, आणि देवाने केल्या असतील तर खूण कोठे आहे? त्या विचाराच्या अखेरीस त्या कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय करतात. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये.

हा क्रम विचार करण्याजोगा आहे. पौल म्हणतो, विश्वास आला, म्हणून बालरक्षकाचे काम संपले. लक्ष्मीबाईंच्या कथेत बालरक्षक आधी निघून गेला आणि मोकळ्या झालेल्या अंगणात विश्वास मागाहून आला. नियमाने त्यांना ख्रिस्ताकडे नेले नाही. ख्रिस्तानेही, निदान त्यांना कळेल अशा रीतीने, नियम मोडला नाही. शेजाऱ्याच्या हातचे पाणी आणि नियम यांच्यात निवड करावयाची वेळ आली तेव्हा त्यांनी पाणी घेतले. पुढे ख्रिस्त समजला तो ते पाणी घेतलेल्या बाईला. पूर्वतयारी हा शब्द येथे वापरावयाचाच तर नियम पाळण्यात ती नसून नियम सुटण्यात आहे, असे म्हणावे लागेल. आणि ही उपपत्ती ना क्लेमेंटच्या परंपरेत बसते, ना फर्कुहारांच्या पूर्तता-सिद्धांतात.

नियम हा विश्वासाच्या आधीच येतो असेही नाही. आमच्या वऱ्हाडातच रिद्धपूरला याचे उत्तम उदाहरण आहे. महानुभावांच्या सूत्रपाठात 'अन्यव्यावृत्ती' अगोदर येते आणि 'आचार' व 'आचारमालिका' ही प्रकरणे पुष्कळ मागाहून. आधी इतर दैवते व मार्ग बाजूला सारावयाचे, एका परमेश्वराला अनुसरावयाचे. भिक्षा, अटन, स्थान यांचे कडक नियम त्यानंतर. चातुर्वर्ण्याची चौकट मोडून निघालेल्या पंथाला स्वतःची चौकट लागली. ती कॅल्व्हिनच्या तिसऱ्या उपयोगाच्या जवळची आहे. ख्रिस्ती धर्माशी तिचा संबंध नाही. परंतु धार्मिक नियमाला केवळ 'पूर्वतयारी' हे एकच प्रयोजन असते असे मानणाऱ्यांनी रिद्धपूरची वाट एकदा चालून पाहावी.

येथवर घेतलेली तिन्ही मराठी उदाहरणे, टिळक, रमाबाई आणि लक्ष्मीबाई, ब्राह्मण घरांतील आहेत. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास बव्हंशी त्यांच्यावरच लिहिला जातो. पण टिळकांनी ज्या अहमदनगरात (आजचे अहिल्यानगर) काम केले, तेथील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत बहुसंख्य लोक महार व मांग समाजातले होते. त्यांच्या बाबतीत बालरक्षकाचे रूपक कसे लावावयाचे? बालरक्षक मालकाच्या मुलाला शाळेत नेतो. ज्याला शाळेच्या दारातच उभे राहण्यास मनाई होती त्याला कोण नेणार? धर्मशास्त्राची दंडनीती या लोकांना लागू होती, अधिकार लागू नव्हता. ते नियमाच्या पहाऱ्यात ठेवलेले नव्हते. नियमाचा पहारा त्यांच्याविरुद्ध होता. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या जातिनिर्मूलनविषयक प्रबंधात नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद करून, हिंदू ज्याला धर्म म्हणतात तो आज्ञा आणि निषेधांचा समूह आहे, असे प्रतिपादिले. त्याआधी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली होती. या विचाराचा मार्ग ख्रिस्ताकडे गेला नाही. १९५६ मध्ये तो नागपूरला बुद्धाकडे गेला. तेव्हा नियमाची चिकित्सा एकाच ठिकाणी पोहोचविते असेही म्हणता येत नाही.

तरीही अहमदनगरचा महार ख्रिस्ती पौलाच्या पत्रात आहे, आणि तो यहुद्याच्या जागी नाही. गलतियातील बहुतेक विश्वासणारे परराष्ट्रीय होते. मोशेचे नियमशास्त्र त्यांच्यावर कधी नव्हतेच. सगळे पत्र लिहिले गेले ते त्यांच्यासाठी, आधी सुंता करा, नियमाखाली या, मग ख्रिस्ताकडे या, असे सांगणाऱ्यांविरुद्ध. 'संतवाणी हा मराठी माणसाचा जुना करार' असे सरसकट सांगणारा अभ्यासक नकळत याच उपदेशकांच्या बाजूला जाऊन उभा राहतो. कारण आधी आमच्या वारशात या, मग त्याची पूर्तता अनुभवा, असे तो सांगतो. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नियमासाठी वेगळेच चित्र आहे: दोन समाजांमधली आडभिंत. भिंत कोणाला कोठे नेत नाही, सांभाळतही नाही. ती पडावी लागते. गावकुसाबाहेर राहिलेल्याला नियमाचा परिचय याच रूपात झाला, आणि हे चित्र त्याच्यापुरते बालरक्षकापेक्षा खरे आहे.

हा समाज टिळकांची पदे गात आला. मराठी उपासनेत आजही टिळकांची गीते मोठ्या संख्येने आहेत, आणि त्या गीतांबरोबर तुकारामाचा सेतूही त्यांच्यापर्यंत गेला. परंतु त्यांना स्वतःचा एक संत होता. चोखामेळ्याला विठ्ठलाचे नाम मिळाले, देऊळ मिळाले नाही. त्याची समाधी पंढरपुरास महाद्वाराच्या पायरीपाशी आहे. वचन ऐकलेला आणि नियमाने अडविलेला असा हा माणूस. टिळकांच्या रूपकात तुकारामाच्या जागी चोखोबा ठेवून ते वाचले तर सेतूचे एक टोक मंदिराच्या आत नसून पायरीच्या बाहेर येते. नगर भागातील पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांचे भजन, त्यांची कबुली आणि मिशनच्या मराठी कागदपत्रांतील त्यांचे शब्द या दृष्टीने वाचले जाणे बाकी आहे. त्यांत 'नियम', 'धर्म', 'बाट', 'पंगत' हे शब्द कोणत्या अर्थांनी येतात याची साधी नोंदसुद्धा अद्याप आपल्यासमोर नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेतल्यास आरंभ 'पंगत' या शब्दापासून करावा.